शिकाऊ पाय

माझी नणंद पोस्टात टपाल वाटायचं काम करते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि माझं शिलाई मशीन दाराला लागूनच आहे, त्यामुळे जिन्यावरून कोण येतं, कोण जातं हे मला मान वर न करता कळतं. ताई तर पहिल्या पायरीपासूनच कळायच्या. डावा पाय धाडकन, उजवा जरा घसटत, मध्येच एखादी पायरी गाळलेली आणि वळणावर कठड्याला पिशवी आपटल्याचा आवाज. पिशवी आपटली की मी मशीन थांबवून चहाचं आधण ठेवायचे. त्या दारात येईपर्यंत पाण्याला बुडबुडे आलेले असायचे. इतक्या वर्षांत त्यांनी आमची बेल कधी वाजवली नाही आणि मी कधी "कोण आहे?" म्हणून विचारलं नाही.

ताई मागच्या गल्लीत एकट्या राहतात. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. "मला चालायला मोकळं बरं वाटतं," एवढंच कारण त्यांनी आजवर दिलं आहे. त्यांची बीट, म्हणजे टपाल वाटायचा त्यांचा ठरलेला भाग, पोस्टापासून सुरू होऊन बाजारातून चढावर जायची आणि वरच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या फाटकाशी संपायची. त्या वाटेवरचा प्रत्येक कुत्रा त्यांना ओळखतो आणि बहुतेक सगळे घाबरतात. जीभ तिखट, मन साफ, आणि रागावल्या की चालण्याचा वेग दुप्पट. भाऊ मात्र त्यांचा अगदी गरीब गाय निघाला, म्हणून माझा संसार झाला.

आमच्या दोघींत एकच जुनं भांडण आहे. माझं बटणांचं पार्सल एकदा आलंच नाही, आणि बऱ्याच दिवसांनी ते समोरच्यांच्या माळ्यावर सापडलं. मी म्हणते, ताईंनी चुकीच्या दारात टाकलं. ताई म्हणतात, समोरचीने माझ्या दारातून उचललं. "मी? मी चुकीच्या दारात टाकेन?" एवढं म्हणताना त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होतो. घरात हा विषय निघाला की माझा नवरा कचरा टाकायला खाली जातो, कचरा नसला तरी.

मग रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकखाली ताईंचा डावा पाय सापडला. गुडघ्याच्या खालून कापावा लागला. दवाखान्यात त्या रडल्या नाहीत. मी रडले, तर मलाच दटावलं, "तुझा गेलाय का?" पुढे साधा कृत्रिम पाय बसवला. त्याने चालता यायचं, पण प्रत्येक पाऊल जपून, काचेचं भांडं खाली ठेवावं तसं. पोस्टाने बीट दुसऱ्याकडे दिली आणि ताईंना टपालाची वर्गवारी करायला टेबलाशी बसवलं. दिवसभर पत्रं हातात घ्यायची आणि एकही कुणाच्या दारात न्यायचं नाही. त्या टेबलाबद्दल त्यांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही.

त्या नव्या पायाने त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तो दिवस मी विसरलेले नाही. जिन्यावर कुणीतरी हळूहळू, थांबत थांबत येत होतं. मला वाटलं कुणी विक्रेता असेल. बेल वाजली. मी सुईत दोरा ओवता ओवता जागेवरूनच ओरडले, "कोण आहे?"

मग ताई म्हणाल्या, "मीच गं. आता तुला विचारावंच लागणार."

हसत म्हणाल्या, पण चहा अर्धाच प्यायल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

पोस्टाचा नियम असा होता की वर्ष संपायच्या आत ताईंनी दोन अधिकाऱ्यांसमोर भरल्या पिशवीसकट पूर्ण बीट चालून दाखवली, तर बीट परत मिळेल. नाहीतर ती कायमची दुसऱ्याची. ताईंना दुसरं काही नको होतं. बढती देऊ केली असती तरी त्यांनी टेबलावर थुंकायचंच बाकी ठेवलं असतं.

वरच्या संस्थेतल्या एका संशोधक मुलीला ताई आधीपासून ओळखत होत्या. उंच, सडपातळ, केसात पेन्सिल खोचून तीच पेन्सिल दिवसभर शोधत बसायची. ती नव्या धर्तीचा पाय बनवत होती. त्याच्या घोट्यात छोटी मोटर, पोटरीत बॅटरी आणि तळव्यात भार मोजणारे सेन्सर. साधा पाय नुसता टेकतो. हा मागून ढकलतो, जसा आपला चवडा ढकलतो. आणि कधी, किती ढकलायचं हे तो पायाच्या मालकाचं चालणं पाहून शिकतो. त्यासाठी तिला चालणारं माणूस हवं होतं. तिने ताईंना विचारलं. ताईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

संस्थेची ती इमारत म्हणजे अजब कारखाना होता. तळमजल्यावर काँक्रीटवाले गुरुजी: तडा गेला की आपोआप भरून येईल असं काँक्रीट बनवायचं, म्हणून आधी दिवसभर ठोकळे फोडत बसायचे. पहिल्या मजल्यावर कापडवाल्या बाई, त्यांचं कापड घाम ओळखायचं. शेजारी मासेवाला, त्याने रबराच्या कातडीचा यंत्रमासा बनवला होता आणि तो हौदात एकाच कोपऱ्यात जाऊन डोकं आपटायचा. ही सगळी हुशार माणसं एका छपराखाली बसत, पण वरचा काय करतो हे खालच्याला माहीत नसे. जिन्यात भेटले तर पाऊसपाण्याचं बोलत.

मुलीच्या खोलीत लांब पट्टी अंथरली होती. तिच्यावरून चालायचं, भिंतीवरचे कॅमेरे टिपणार, पाय शिकणार. ताईंनी पहिल्याच दिवशी नवे बूट घेतले. युनिफॉर्मला माझ्याकडून कडक इस्त्री करून घेतली. पायाचं नाव त्यांनी 'जावई' ठेवलं, कारण रोज संध्याकाळी त्याला चार्जरला लावून खाऊ घालावं लागे, पाणी लागू देऊन चालत नसे, आणि घरात पाहुणा आला तर आधी त्याची चौकशी होई. मुलगी तर ताईंवर बेहद्द खूश. "मावशी, तुमच्यासारखं कुणी चालतच नाही! आलेख बघा, कसा सुंदर येतोय." येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ती आलेख दाखवायची. ताई मान ताठ करून पुन्हा एक फेरी मारायच्या.

काही आठवड्यांनी मुलगी म्हणाली, पाय शिकून तयार झाला, आता रस्त्यावर जाऊ. खोलीत जावई नुसता वाऱ्यासारखा चालत होता. रस्त्यावर आला आणि बाजाराच्या वळणावर त्याने ताईंना थेट फळवाल्याच्या संत्र्यांत नेऊन घातलं. नको तेव्हा ढकललं, हवं तेव्हा गप्प बसला. ताई संत्र्यांत बसल्या बसल्या फळवाल्यालाच ओरडल्या, "रस्त्यात मांडतोस कशाला?" दुसऱ्या दिवशी सायकलींच्या रांगेत गेल्या. तिसऱ्या दिवशी बिचाऱ्या कुत्र्यावर. त्या कुत्र्याने तर तेव्हापासून गल्लीच सोडली.

मुलीचा चेहरा उतरला. तिने मोटर बदलली, स्प्रिंग बदलली, प्रोग्राम पुन्हा तपासला. मग मदतीला सगळी इमारत धावली आणि प्रत्येकाने आपापल्या दुकानातलं कारण काढलं. काँक्रीटवाले गुरुजी म्हणाले, दोष फुटपाथचा आहे, मी तडे स्वतः पाहिलेत. कापडवाल्या बाई म्हणाल्या, मोजा घामाने सरकतो. मासेवाला म्हणाला, बॅटरीच असणार, माझ्या माशाचंही तसंच होतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन माझ्यावर डाफरल्या. वर्ष संपत आलं होतं. पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत संस्थेत गेले. त्या बूट काढत होत्या तेव्हा मुलगी मला पडद्यावर जुनी चित्रफीत दाखवू लागली: कॅमेऱ्याने टिपलेलं ताईंचं चालणं. मी पाहिलं आणि मला हसूच फुटलं.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"ही कोण बाई?"

"म्हणजे? मावशीच आहेत ना."

"कपडे त्यांचे आहेत," मी म्हटलं. "पण ताई जन्मात कधी अशा चालल्या नाहीत. छाती पुढे, हनुवटी वर, हात कसे मोजून हलतायत! बक्षीस घ्यायला स्टेजवर निघाल्यात जणू."

ताई एका पायावर उड्या मारत पडद्याशी आल्या. "मग? चार-चार कॅमेरे लावल्यावर माणूस नीट चालणारच की! तू फोटो काढताना पोट आत घेत नाहीस?"

मुलीने केसातली पेन्सिल काढून चावली. मग कपाळावर हात मारून खुर्चीत बसली आणि खो खो हसायला लागली.

"पाय अगदी हुशार आहे हो," ती म्हणाली. "आपण शिकवलं तेच शिकला. मावशी, तुम्ही त्याला परेड शिकवलीत, आणि रस्त्यावर तुम्ही चालता आपल्या चालीने. तो बिचारा परेडची वाट बघत बसतो. आणि मी! एवढा सरळ आलेख आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माणूस असा चालतो का कधी?"

"मग आता?" ताईंनी विचारलं.

"आता नेहमीसारखं चाला."

इथेच गाडी अडली. नेहमीसारखं चाला म्हटलं की ताई आणखीच ताठ होत. कॅमेरे झाकून पाहिले, तर झाकलेल्या कॅमेऱ्यांकडे बघून चालू लागल्या. मी पाठ फिरवून उभी राहिले, तरी पाठीमागे परेडच ऐकू येत होती. दुपारपर्यंत तिघीही वैतागलो. शेवटी मुलीने एक जड पिशवी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "मावशी, राहू दे आता. एवढे नमुने जरा खाली गुरुजींना देऊन या. आणि येताना कापडवाल्या बाईंकडून माझा डबा आणा."

ताई गेल्या. आणि मला दाराबाहेर तो आवाज ऐकू आला. डावा धाडकन नव्हता, जावई अजून चाचपडत होता; पण उजवा घसटत होता, आणि कठड्याला पिशवी आपटली. मुलीने ओठांवर बोट ठेवलं. पायातले सेन्सर सगळं टिपून घेत होते.

त्या दिवसापासून ताई इमारतीच्या टपालवाल्या झाल्या. मुलगी, गुरुजी, बाई, मासेवाला, सगळे कटात सामील. चिठ्ठ्या, ठोकळे, कापडाचे तुकडे, रबराची कातडी, जे सापडेल ते एकमेकांना पाठवू लागले. ताईंना तिसऱ्या दिवशीच सगळं कळलं होतं, पण काम खरं होतं, पत्ता खरा होता, आणि उशीर झाला तर गुरुजी खरंच चिडत. त्यात एक गंमत अशी झाली की पाठवलेल्या वस्तू लोक उघडून बघू लागले. माशाची कातडी गुरुजींनी ठोकळ्यावर घासून पाहिली, आणि ओल्या फरशीवर ती कशी घट्ट बसते हे सांगायला दोन जिने चढून स्वतः वर आले. महिनाभरात जावयाच्या तळव्याला माशाची कातडी लागली. कापडवाल्या बाईंनी घाम ओळखणारा मोजा करून दिला, त्यातून मुलीला पाय कुठे काचतोय ते कळू लागलं. मासा मात्र अजून कोपऱ्यातच डोकं आपटतो.

बाजाराचं वळण ताई आता सहज पार करू लागल्या. फळवाला त्यांना बघून संत्री आत घ्यायचा, तो अपमान त्यांनी गिळला.

चाचणीच्या आदल्या दिवशी मुलीने त्यांचे दोन्ही हात धरले. "मावशी, माझं एकच ऐका. उद्या चांगलं चालू नका."

"चांगलं चालू नको?"

"अजिबात नको. साहेब समोर असले तरी नाही. जावयाला आता परेड येत नाही. तुम्ही ताठ झालात की तो गोंधळेल."

"मी काय लहान आहे?" ताई म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. ते पाहूनच मी ओळखलं, उद्याचं काही खरं नाही.

सकाळी पोस्टाच्या दारात मोठे साहेब होते आणि खात्याच्या डॉक्टरीणबाई. मुलगी लॅपटॉप छातीशी धरून उभी. मी आपली भाजीच्या पिशवीसकट, सहज आल्यासारखी. ताईंनी भरलेली पिशवी खांद्याला लावली, साहेबांकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांची हनुवटी वर गेली. छाती पुढे आली. हात मोजून हलू लागले.

पहिल्या काही पावलांतच जावई अडखळला. ताई सावरल्या, आणि सावरायला म्हणून आणखी ताठ झाल्या. पाय पुन्हा चुकीच्या वेळी उसळला. त्यांनी खांबाला हात टेकला. साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मुलगी पुटपुटत होती, "मावशी, नको, नको." ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची बीट त्या पेनाच्या टोकावर आली होती आणि ते त्यांनाही दिसत होतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी भर रस्त्यात ओरडले, "ताई! माझं बटणांचं पार्सल तुम्हीच टाकलंत समोरच्यांकडे! सगळ्या गल्लीला माहितीये!"

ताई जागच्या जागी वळल्या. नाकाचा शेंडा लाल. "काय म्हणालीस?"

"डोळे मिटून वाटता टपाल, असं म्हणाले!"

"मी? मी चुकीच्या दारात टाकेन?" आणि निघाल्या. काय चालल्या म्हणून सांगू! डावा धाडकन, उजवा घसटत, मान पुढे, कोपर बाहेर. मी उलट्या पावली पळत होते आणि त्या माझ्यावर चालून येत होत्या, मध्येच दारांत पत्रं टाकत. "हे बघ, हे बरोबर दारात पडलं! आणि हे! मोज!" बाजार गेला, वळण गेलं, चढ आला. मी धापा टाकत "समोरची खोटं का बोलेल?" एवढं अधूनमधून सरपणासारखं आत सारत राहिले. डॉक्टरीणबाई पळत होत्या. साहेब टाय सैल करून त्यांच्या मागे. मुलगी लॅपटॉप उघडा धरून पळता पळता हसत होती आणि रडतही होती. संस्थेच्या फाटकाशी गुरुजी, बाई आणि मासेवाला टाळ्या वाजवत उभे होते. शेवटचं पत्र ताईंनी गुरुजींच्या हातात कोंबलं आणि माझ्याकडे बोट रोखलं, "आणि ते पार्सल समोरचीने उचललं!"

साहेब पायरीवर बसले. पाणी प्यायले. दम खाऊन म्हणाले, "बाई, टपाल वाटताना भांडायची परवानगी नाही."

"भांडण कुठे साहेब," ताई म्हणाल्या, "घरचं बोलणं चाललंय." आणि मग त्यांना एकदम कळलं की आपण कुठे उभ्या आहोत. त्यांनी वळून खालचा चढ पाहिला. माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली ती उभ्या उभ्या, गुरुजींच्या पाठीवर कागद ठेवून.

बीट त्यांना सोमवारपासून मिळाली.

सोमवारी संध्याकाळी मी मशीनवर होते. जिन्यात आवाज आला. डावा धाडकन. उजवा जरा घसटत. एक पायरी गाळली. वळणावर कठड्याला पिशवी आपटली. मी मशीन थांबवलं आणि आधण ठेवायला उठले. माझे डोळे भरून आले होते, गॅस मला नीट दिसेना.

ताई दारात आल्या, पण आत येईनात. दार उघडंच होतं.

"विचार ना," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"कोण आहे म्हणून."

"कशाला? मला ठाऊक नाही का कोण आहे ते?"

मग ताई आत आल्या, पिशवी खुंटीला लावली, खुर्चीत बसून पाय सोडवला आणि जावयाला चार्जरला लावलं.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या. "ते पार्सल मी बरोबर दारात टाकलं होतं."

"बरं," मी म्हटलं, आणि चहा पावडर टाकली.